सोदरमामाचा शब्द आणि रेणुकाची गाडी

देगलूर
१८ फेब्रुवारी २०२५

चि. मन्मथ,

अक्काचे तुला आणि घरच्या सगळ्यांना आशीर्वाद. फोनवर तू ओरडतोस ते मला ऐकू येत नाही, आणि मी ओरडते ते सगळ्या गल्लीला ऐकू येतं. म्हणून आपला कागदच बरा. कान गेले पण डोळे अजून शाबूत आहेत, त्यांचा उपयोग करून घ्यावा.

बातमी अशी की आपल्या दारात गाडी आली. विजेची. नवी नाही, नांदेडच्या एका साहेबांनी पाच वर्षं वापरलेली. माझ्या बसवराजनं थोडे घातले, रेणुकानं तिच्या पगारातून थोडे घातले. तुला ठाऊकच आहे, धर्माबादच्या दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होऊन तिला सहा वर्षं झाली. रोज दोन एसट्या बदलून जायची, बिलोलीला ताटकळत उभी राहायची, आणि घरी यायची तेव्हा लेक पुनम झोपलेली असायची. दिवाळीपासून बसवराजनं धोशा लावला होता की नोकरी सोड. शेवटी नवरा-बायकोत असं ठरलं की एक गाडी घेऊन बघू. गाडीनं साथ दिली तर नोकरी चालू, नाहीतर घरी बसायचं. रेणुका काही बोलली नाही. ती घरात बोलतेच कुठं? बोलली तरी इतक्या खालच्या आवाजात की माझ्यापर्यंत नुसते ओठ येतात.

गाडीची पूजा मीच केली. चाकाखाली लिंबू ठेवला, नारळ फोडला. कुंकू लावायला बसवराजनं पुढचं झाकण उघडलं तर आत इंजिनच नाही. नुसत्या पेट्या आणि नारंगी वायरी. मग झाकणालाच लावलं. चालू झाली तेव्हा सगळे म्हणाले, आवाजच येत नाही. मी म्हटलं, चला, एका तरी बाबतीत मी तुमच्या बरोबरीची झाले.

तुझं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे, तुला यातलं कळतं. ही गाडी किती वर्षं टिकेल ते लिही.

तुझी,
गौरम्मा अक्का


लातूर
३ मार्च २०२५

ती. अक्का,

शरणु शरणार्थी. पत्र वाचलं आणि दुकानात गल्ल्यावर बसल्या बसल्या कपाळाला हात लावला. तीस वर्षं मी ऑइल, फिल्टर, प्लग, बेल्ट आणि क्लचप्लेट विकून दोन पोरांची लग्नं केली. आता माझ्या सख्ख्या बहिणीची सून अशी गाडी घेऊन आली की तिला यातलं एकही लागत नाही. ब्रेकचे पॅडसुद्धा म्हणे दुप्पट दिवस टिकतात. म्हणजे घरचीच माणसं माझ्या पोटावर उठली.

थट्टा राहू दे. खरं सांगतो. या गाडीत बिघडायला फार काही नसतं हे कबूल. पण जे असतं ते एकच असतं आणि ते महाग असतं. बॅटरी. कंपनी आठ वर्षांची हमी देते, त्यातली पाच त्या साहेबांनी खाल्ली. तुमच्या वाट्याला तीन. त्यानंतर बॅटरी बसली तर नवीला एवढे पैसे लागतात की तेवढ्यात चांगली जुनी पेट्रोलची गाडी दारात येते.

मला विचारलं असतं तर हायब्रिड घ्या म्हणालो असतो. इथले एक डॉक्टर माझं जुनं गिऱ्हाईक आहेत, त्यांच्याकडं आहे. पेट्रोलही पिते, बॅटरीवरही चालते. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण हा पाहुणा दोन्हीकडं जेवून येतो. शिवाय तिला इंजिन असल्यामुळं डॉक्टरसाहेब वर्षातून दोनदा माझ्या दुकानाची पायरी चढतात, तो भाग वेगळा.

असो, घेतलीच आहे तर जपा. रोज गळ्यापर्यंत भरू नका, पार रिकामीही होऊ देऊ नका. सावलीत लावा. आणि रेणुकाला सांग, परत आल्यावर किती चार्ज उरतो त्याच्यावर डोळा ठेव. तो कमी कमी होत गेला की समजायचं, बॅटरीचा आजार सुरू झाला.

तुझा धाकटा भाऊ, तम्मा,
मन्मथ


देगलूर
२१ एप्रिल २०२५

चि. मन्मथ,

दोन महिने झाले आणि आता मला राहवत नाही म्हणून लिहिते. गाडी चांगली आहे रे. नुसती चांगली नाही, गुणाची आहे.

धर्माबादला जाऊन यायला पेट्रोलला सातशे तरी लागले असते असं बसवराजच म्हणतो. ही दीडशेच्या विजेत जाऊन येते. घरी आल्यावर रेणुका ओसरीवरच्या पिनला वायर लावते, जसं आपण म्हशीपुढं पेंड ठेवावी, आणि सकाळी गाडी तयार. दोन महिन्यांत तिला फक्त टायरमध्ये हवा लागली. एकदा नांदेडला दाखवून आणली, तिथल्या मेस्त्रीनं सगळं तपासलं, धुऊन दिली आणि निघा म्हणाला. बसवराजचं तोंड बघण्यासारखं होतं, कारण त्याच्या मोटरसायकलवर त्याच महिन्यात त्याहून जास्त खर्च झाला होता.

आणि रेणुका काय चालवते! मी ओसरीवरून बघते. गल्लीतून मागं घेताना दोन्ही बाजूला चार बोटं जागा असते, पण आजवर एकदाही भिंतीला लागली नाही. ड्युटी संपली की उजेडात घरी येते. पुनम तिची वाट बघत दारात बसते आणि दोघी मिळून गृहपाठ करतात. या घरात संध्याकाळ असते हे त्या पोरीला आत्ता कळलं.

तू डोळा ठेवायला सांगितलं होतंस म्हणून लिहिते. आधी परत आल्यावर निम्म्याच्या आसपास चार्ज उरायचा. आता पावाच्या थोडा वर उरतो. मी हे बसवराजसमोर बोलून गेले आणि चूक केली. त्यानं लगेच तुझं नाव काढलं. म्हणाला, "मामाला इचारू. मामा म्हनला ठेव तर ठेवू, मामा म्हनला इक तर इकू. आईच्या सख्ख्या भावाच्या, सोदरमामाच्या शब्दाबाहेर मी न्हाई." गाडी गेली तर रेणुकाची नोकरी गेली हे ठरलेलंच आहे. म्हणून नीट विचार करून लिही.

तुझी अक्का


लातूर
५ मे २०२५

ती. अक्का,

शरणार्थ. नीट विचार करून लिहितो आहे, आणि हे पत्र बसवराजलाही दाखव, कारण त्याचाही मला फोन आला होता.

निम्म्यावरून पावावर यायला दोन महिने लागले म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. रस्ता तोच, अंतर तेच, चालवणारी तीच. मग कमी झालं ते कुठं झालं? बॅटरीत. बॅटरी पार बसल्याशिवाय कंपनी बदलून देत नाही, पण हमी संपायला अजून अवकाश आहे, म्हणून आज गिऱ्हाईक चांगला भाव देईल. थांबलात तर गाडी दारात शोभेला राहील आणि पुनम तिच्यात बसून लपाछपी खेळेल.

माझं मत विचारलंत म्हणून सांगतो. गाडी विकावी. रेणुकाच्या नोकरीबद्दल मी काही बोलत नाही, तो नवरा-बायकोचा मामला आहे. मामानं फक्त गाडीचं सांगितलं.

वाईट वाटून घेऊ नको.

तुझा,
मन्मथ


देगलूर
९ जून २०२५

मन्मथ,

गिऱ्हाईक मिळालं. उदगीरचे धान्याचे व्यापारी आहेत. बसवराजनं काल इसार घेतला. पुढच्या बुधवारी येऊन गाडी नेणार, कारण नंतर आखाड लागतो आणि आखाडात कुणी गाडी घरी नेत नाही. रेणुकानं दवाखान्यात राजीनाम्याचं विचारून ठेवलं आहे. मला हे पुनमनं पाटीवर लिहून सांगितलं.

आता मी जे तुला लिहिलं नाही ते लिहिते. त्या गाडीत रेणुका एकटी जात नाही. मार्चपासून तिच्याबरोबर तिघी आहेत. बिलोलीच्या बँकेतली समीक्षा आणि धर्माबादच्या शाळेतल्या दोन बाई. बसस्टँडच्या पुढच्या वळणावर उभ्या राहतात. उन्हाळ्यात काचा लावून एसी चालू करायच्या. समीक्षाची आई मला भाजीबाजारात भेटली आणि माझे हात हातात घेऊन रडली, तेव्हा मला कळलं. तिच्या पोरीचीही नोकरी एसटीच्या वेळेपायी सुटायला आली होती.

मी गप्प बसले, कारण बसवराजला कळलं असतं तर तो म्हणाला असता, घरच्या गाडीची सहा आसनी रिक्षा केली. आणि तू चार माणसांत हसला असतास. म्हणून तुला पावाची गोष्ट लिहिली आणि चौघींची गाळली. अर्धं सांगितलं आणि अर्ध्यावर तू न्याय दिलास. आता सांग, ओझ्यानं चार्ज कमी उरतो की आजारानं?

लवकर लिही.

अक्का


लातूर
१४ जून २०२५

ती. अक्का,

शरणार्थ. ओझ्यानंच उरतो. चौघीजणी म्हणजे दोन क्विंटलच्या वर वजन झालं, त्यात मराठवाड्याचा उन्हाळा आणि एसी. एवढ्यात पावाच्या वर उरतो म्हणजे त्या बॅटरीची कमालच म्हणायची. तू आधी सांगितलं असतंस तर मी "विका" हा शब्द तोंडातून काढला नसता.

तुझं पत्र आल्यावर मी गप्प बसलो नाही. इथला बजरंग विजेच्या गाडीची टॅक्सी चालवतो, लातूर-नांदेड, दिवसातून दोनदा. माझ्याकडं येतो तो फक्त वायपरसाठी, म्हणून मी त्याच्यावर जरा रागच धरून होतो. परवा मुद्दाम त्याच्या शेजारी बसून नांदेडला जाऊन आलो. गाडीनं दोन लाखांच्या वर किलोमीटर ओढलेत. सीटचं कापड फाटलं, दाराचं हँडल सैल झालं, खालचे रबर बदलले, छोटी बॅटरी एकदा बदलली. मोठी बॅटरी तीच. मी विचारलं, "घेतली तव्हा किती जायची?" तो म्हणाला, "तव्हा जेवढी जायची त्याच्यात दहावा हिस्सा कमी झाला, मामा. म्हातारपन मानसालाबी येतंय. मी काय तिला घराबाहेर काढू?" अहमदपूरच्या पुढं उतारावर त्यानं पाय उचलला आणि गाडी आपली आपण वीज परत भरून घेऊ लागली. मी काट्याकडं बघत बसलो. तीस वर्षांत उतारावर पेट्रोलची टाकी भरताना मी बघितली नव्हती.

पण अक्का, आता माझी अडचण समजून घे. सोदरमामाचा शब्द म्हणजे दुकानातला माल नाही की पावती दाखवली आणि बदलून दिला. तुमच्या घरात लग्न, वाटणी, घराची जागा, सगळं माझ्या शब्दावर झालं. बसवराजनं माझ्या शब्दावर लोकांकडून इसार घेतला. आता मी फिरलो तर तो त्या व्यापाऱ्याला काय तोंड दाखवेल? आणि उद्या माझ्या शब्दाला कोण विचारेल? ही गाडी जाऊ दे. वर्षभरात दुसरी बघू, मी स्वतः शोधून देतो.

रेणुकाला म्हणावं, मामा दिलगीर आहे.

मन्मथ


देगलूर
१९ जून २०२५

मन्मथ,

तुझं पत्र मंगळवारी दुपारी मिळालं. वर्षभरात दुसरी बघू म्हणतोस. वर्षभर तिची नोकरी खुंटीला टांगून ठेवणार आहे का कुणी?

कालचं सगळं जसं झालं तसं लिहिते.

व्यापारी सकाळी लवकरच आले. भले गृहस्थ आहेत, बरोबर चालवायला माणूस आणला होता. ओसरीवर चहा घेत बसले. रेणुकानं किल्ली टेबलावर ठेवली, डबा पिशवीत घातला आणि माझ्या पाया पडून एसटीकडं निघाली. ती रागावली असती, रडली असती, तर मी कदाचित गप्प बसले असते. पण तिनं जाता जाता त्या गाडीच्या काचेवरचा पाला बोटांनी काढून टाकला. विकलेल्या गाडीवरचा. ते मला सहन झालं नाही.

मी पानाची पिशवी घेतली, जाऊन गाडीचं पुढचं दार उघडलं आणि बसले. झालं एवढंच.

बसवराजला आधी वाटलं, शेवटची बसून बघते आहे. हसला. मग जवळ येऊन म्हणाला, "अव्वा, उतर की आता. पाव्हने थांबलेत." मी कानाला हात लावला, ऐकू येत नाही म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा बहिरेपणाचा उपयोग झाला. त्यानं पुन्हा तोंडाजवळ तोंड आणून सांगितलं. मी म्हटलं, "मला धर्माबादला जायाचंय. सुनेचा दवाखाना बघायचाय. सहा वर्सं झाली, कुनी नेलं न्हाई." तो म्हणाला, "आज कशाला, अव्वा? गाडी इकली आपन." मी म्हटलं, "मग उद्या कशात बसून जाऊ?"

गल्ली जमली. म्हाताऱ्या बाईला हात धरून कोण उतरवणार? बसवराजच्या कानशिलापर्यंत लाली आली. तू म्हणशील पोराची अब्रू काढली. काढली. मी त्याला कधी चार माणसांत दुखावलं नव्हतं, काल दुखावलं आणि मला अजून वाईट वाटतं. शेवटी व्यापारीच उठून म्हणाले, "जाऊन येऊ द्या अव्वाला. मी सांजच्याला येतो. आमचंबी बाजारात काम हाय." बसवराजनं टेबलावरची किल्ली उचलली आणि पुनमला आईच्या मागं पळवलं. रेणुका वळणापर्यंत पोचली होती. परत आली तेव्हा त्यानं किल्ली तिच्या हातात दिली, तिच्याकडं न बघता.

पुढं मी, मागं तिघी. त्या बिचाऱ्या सकाळपासून एकमेकींना निरोप देत उभ्या होत्या. समीक्षानं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला तो बिलोली येईपर्यंत काढला नाही. गाडी पाण्यावरून होडी जावी तशी गेली. एका जागी खड्डा चुकवून रेणुकानं माझ्याकडं बघितलं, लागलं का म्हणून. मी मान हलवली.

आता दवाखान्याचं ऐक. मला वॉर्डाबाहेर बाकावर बसवून ती आत गेली. तेलंगणातल्या, कर्नाटकातल्या, आपल्या इकडच्या, सगळीकडच्या बाया तिथं येतात. अर्ध्या उघड्या दारातून मला दिसलं, एक पोरगी कळा देत होती आणि भीतीनं पलंगावरून उतरून पळायला बघत होती, तिची सासू तिला दोन्ही हातांनी धरत होती. तेवढ्यात आतून आवाज आला. मोठा, खणखणीत, दारापर्यंत येणारा. तेलुगूत काहीतरी, मग कन्नडात "हेदरबेडा, हेदरबेडा", मग शेजारच्या पलंगावरच्या बाईला मराठीत, "भिऊ नको गं, मी हाय इथंच." तिन्हीचा अर्थ एकच. पोरगी गुमान पलंगावर आडवी झाली. तिच्या सासूनंही हात सोडले आणि रेणुकाकडं बघत राहिली.

मन्मथ, तो आवाज मला ऐकू आला. कानाच्या यंत्राशिवाय, ओठ न बघता, भिंतीपलीकडून. नऊ वर्षं ती माझ्या घरात आहे आणि माझ्या सुनेचा आवाज मी काल पहिल्यांदा ऐकला. घरात ती मानासाठी हळू बोलते, आणि त्या मानापायी मी तिला ऐकलंच नव्हतं. मी बाकावर बसून रडले. दुपारी बाळ रडलं तेही मला ऐकू आलं, किंवा वाटलं तरी. मग त्या पोरीच्या सासूनं बाहेर येऊन माझ्या हातावर साखर ठेवली आणि हातवारे करून विचारलं, ही तुझी कोण? मी छातीवर हात ठेवला.

संध्याकाळी परत आलो तेव्हा व्यापारी ओसरीवर हजर. त्यांनी गाडीच्या काट्यात डोकावून बघितलं. दिवसभर उन्हात उभी होती, पाच माणसं गेली-आली, तरी पावाच्या वर चार्ज. माणूस हुशार, त्याला कळलं. म्हणाला, "ठरल्यापेक्षा जास्त देतो, पन गाडी मलाच द्या. मंगळवारी येतो, आमुश्याच्या आदी." म्हणजे माझ्या बसण्यानं गाडीचा भावच वाढला. बसवराज रात्री जेवला नाही. तो काही वाईट नाही रे. त्यानं एवढंच म्हटलं, "अव्वा, मला तरी कुटं इकायचीय? पन मामाचा शब्द हाय. तो मी मोडला तर मामाला काय वाटंल?"

म्हणजे तो तुझ्यासाठी अडून बसला आहे आणि तू त्याच्यासाठी. मधल्यामध्ये माझ्या सुनेची नोकरी चालली आहे.

तू म्हणतोस तुझ्या शब्दाला कोण विचारेल. मी तुला लहानपणी काखेत घेऊन फिरले आहे म्हणून स्पष्ट लिहिते. तुझ्या दुकानात ऑइल खपत नाही याचं दुःख मला कळतं. त्याचा राग रेणुकाच्या गाडीवर काढू नको. तू मनानं तसं केलं असशील असं नाही, पण "विका" हे लिहिताना तुझा हात जरा लवकर चालला. माझ्याकडून चौघींचं न सांगण्याची चूक झाली, ती मी सगळ्यांसमोर कबूल केली आहे. बसवराजसमोर सुद्धा. तो रागावला नाही. म्हणाला, "मग हे आदी का न्हाई सांगितलं? मी काय त्या बायांस्नी उतरवलं असतं का?" बघ, मी माझ्या पोटच्या पोरालाही नीट ओळखलं नव्हतं.

मंगळवारी ते येणार. आता तूच काय ते सांग. हे पत्र मी लातूरच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती देते आहे, तूही टपालाच्या भरवशावर राहू नको.

अक्का


लातूर
२२ जून २०२५, रविवार

ती. अक्का,

शरणु शरणार्थी. हे पत्र टपालानं पाठवत नाही. बजरंग उद्या सकाळी त्याची गाडी घेऊन देगलूरला येतो आहे, त्याच्या हाती देतो. फोनवर बसवराजशी बोलता आलं असतं, पण फोनवरचा शब्द हवेत जातो. हा कागद मंगळवारी व्यापाऱ्यांसमोर, बसवराजसमोर आणि जमतील त्या सगळ्यांसमोर वाचायचा. वाचायला रेणुकाला सांग. मोठ्यानं वाच म्हणावं, दवाखान्यात बोलते तसं.

तू दुकानाचं लिहिलंस ते खरं आहे. दोन दिवस ते माझ्या घशाखाली उतरलं नाही, म्हणजे खरंच असणार. आज दुकानात बसून मी पोराला म्हटलं, या गाड्यांना टायर लागतात, वायपर लागतात, रबर लागतात, छोटी बॅटरी लागते. चार्जिंगच्या वायरीसुद्धा विकू. जे चालतं त्याच्याशी भांडून कुणाचं दुकान चाललं आहे? त्यानं लगेच वही उघडून यादी करायला घेतली.

आता पुढचं सगळ्यांसाठी.

व्यापारी साहेब, आपण अव्वांना जाऊन येऊ दिलंत, हे आपलं मोठेपण आहे. इसार मानानं परत घ्यावा. बजरंगच्या हाती टॉवेल-टोपी पाठवली आहे, ती माझ्याकडून स्वीकारावी. उदगीरला आलो की आपल्या गादीवर येऊन माफी मागेन. गाडी हवी असेल तर मी स्वतः हिंडून तशीच शोधून देईन. बॅटरी कशी तपासायची ते आता मला कळलं आहे.

चि. बसवराज, तू माझ्या शब्दासाठी बायकोची नोकरी द्यायला निघालास. एवढा मान मला कुणी दिला नव्हता, आणि मी तो घेण्यासारखं काही केलं नव्हतं. अर्धी गोष्ट ऐकून मी निकाल दिला. सोदरमामाचा शब्द मागं घेता येतो की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. आपल्यात तसं कुणी केल्याचं ऐकलं नाही. तर आता ऐकायला मिळेल. मी, मन्मथ, माझा शब्द मागं घेतो. गाडी विकायची नाही.

रेणुका, पोरी, मी तुझ्या गाडीकडं बघितलं आणि तुझ्याकडं बघायचं राहिलं. नर्सबाईचं काम काय असतं हे मला अक्काच्या पत्रातून कळलं आणि वाचता वाचता दोनदा चष्मा पुसावा लागला. बजरंग सांगतो, नीट वापरली तर तुझी बॅटरी हमी संपल्यावरही खूप वर्षं चालेल. चालेलही. पण गाड्यांचा धंदा करणारा माणूस म्हणून सांगतो, कुठलीही गाडी एक दिवस थकते. विजेची थकते, पेट्रोलची थकते, डॉक्टरांची हायब्रिडही थकेल.

म्हणून या घरात यापुढं कुणी विचारलं की ही गाडी किती वर्षं टिकणार, तर त्याला एवढंच सांगायचं. बॅटरी गेली तर बॅटरी बदलू. गाडी गेली तर गाडी बदलू. रेणुकाची नोकरी बदलायची नाही.

सगळ्यांचा,
मन्मथ मामा